रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायचंय, 85 हजार भरू का ताई?

पत्र: "ताई, मी सोलापूरची, विडी घरकुलात राहते. बारावी सायन्स झालं, 61 टक्के, नीट दोनदा दिली, नाही झालं. आई विड्या वळते, बाबा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मागच्या दिवाळीत आजीला दम लागला म्हणून आयसीयूत ठेवलं होतं, बायपॅप म्हणजे मास्कमधून जोरानं हवा देणारं मशीन लावलं होतं. तिथं एक दादा होते, डॉक्टर नव्हते, ब्रदर पण नव्हते, पण मशीन तेच बघायचे आणि आजीला तेलुगूत समजावून सांगायचे. विचारलं तर म्हणाले मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. इथं एका इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी 85 हजार, ते म्हणतात कोर्स झाला की लायसन्स मिळतं, दुबई अमेरिका कुठंही चालतं. 30 तारखेच्या आत भरले तर 10 हजार कमी. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. मामा म्हणतात हे कंपाउंडरचं काम, त्यापेक्षा बी.कॉम. कर. काय करू? आणि एक, आजी आता घरीच आहे, ऑक्सिजनचं मशीन 2 वर ठेवायला सांगितलंय पण दम वाढला की बाबा 5 वर करतात. चालतं का?"

बाळा, तू शेवटी घाईघाईत लिहिलेला प्रश्न मी आधी घेते, कारण करिअरचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे नाही थांबणार.

बाबांना सांग, डॉक्टरांना विचारल्याशिवाय 2 चा 5 करायचा नाही. त्यांना दोष देत नाही मी, समोर आई धापा टाकतीये आणि हाताशी बटण आहे म्हटल्यावर कुणाचाही हात जाईल. पण आजीच्या फाईलवर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, लिहिलंय का बघ, बायपॅप लागलं होतं म्हणतेस म्हणजे बहुतेक असणार. अशा फुप्फुसात जे भाग खराब झालेले असतात, जिथं हवा नीट पोचतच नाही, तिथं शरीर आपणहून रक्त कमी पाठवतं आणि चांगल्या भागाकडे वळवतं. वरून भरपूर ऑक्सिजन दिला की ही सोय मोडते, रक्त परत त्या खराब भागाकडे जायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा राहून रक्तात साठतो. म्हणजे बोटाच्या ऑक्सिमीटरवर 97-98 दिसतं, घरातले खूश होतात, आणि आजी मात्र सुस्त होत जाते, सकाळी डोकं दुखतं म्हणते, हाक मारली तर उशिरा ओ देते. म्हणून अशा पेशंटला आम्ही रेस्पिरेटरी थेरपिस्ट 88 ते 92 च्या मध्ये ठेवतो. आजीचा आकडा किती ठेवायचा ते तिच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे आणि तो कागद मशीनला चिकटव, बाबांना दिसेल असा.

दम वाढला की काय करायचं ते पण सांगते. पाठीवर आडवं अजिबात ठेवू नका, बसवायचं, पुढं टेबलावर उशी ठेवून त्यावर दोन्ही हात टेकवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठ शिट्टी मारताना करतो तसे करून सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. तू समोर बसून तिच्याबरोबर कर, नुसतं सांगून होत नाही. दिलेला पंप स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची पोकळ नळी, लावूनच द्यायचा. एवढं करून दहा पंधरा मिनिटांत फरक नाही, किंवा एक वाक्य पण सलग बोलता येईना, ओठ निळसर झाले, गुंगी यायला लागली, तर मशीनशी खेळत बसायचं नाही, आहे त्याच फ्लोवर ऑक्सिजन चालू ठेवून सरळ दवाखाना. बंद पण करू नका घाबरून.

लाईट जाते तुमच्याकडे, म्हणून एक छोटा सिलिंडर भरून ठेवा, काळी बाटली पांढरा खांदा, बी टाइप म्हणतात त्याला. त्यात साधारण 1500 लिटर असतो. आता तूच हिशोब कर, मिनिटाला 2 लिटर म्हणजे 750 मिनिटं, साडेबारा तास. बाबांनी 5 वर ठेवला तर 300 मिनिटं, पाच तासांत संपला. सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत ताणायचा नसतो म्हणून दोन्हीकडे थोडं कमीच धर. आणि मशीनजवळ उदबत्ती, निरांजन, गॅस, विडी काही नको, सोलापूरच्या धुळीत मशीनचा मागचा फिल्टर आठवड्याला धुवून पूर्ण वाळवूनच बसवायचा.

हे आत्ता जे वाचलंस ना, अगदी हेच आमचं काम आहे. कुणाला किती ऑक्सिजन, कशातून, कुठं थांबायचं, मशीन बंद पडलं तर किती वेळ हातात आहे. डॉक्टर उपचार ठरवतात, सिस्टर पूर्ण पेशंट सांभाळतात, आणि श्वासाचा जो भाग आहे, नाकातल्या नळीपासून व्हेंटिलेटरपर्यंत, तो आम्ही बघतो. वाचताना कंटाळा आला नसेल, उलट 750 मिनिटांचा हिशोब तू स्वतः करून बघितला असशील, तर तुझं मन बरोबर जागी लागलंय असं मी समजते.

आता 85 हजार. भरू नकोस. 10 हजार सूट असली तरी नको, पूर्ण फुकट म्हणाले तरी एक वर्ष वाया जाईल म्हणून नको.

कारण सांगते. आपल्याकडे 2021 मध्ये कायदा झालाय, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स. त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे, म्हणजे आपण आता "इतर टेक्निशियन" मध्ये ढकललेले लोक नाही राहिलो, कायद्यानं मान्य केलेला व्यवसाय आहे हा. मला याचं किती समाधान आहे ते शब्दांत नाही सांगता येत. त्या कायद्यात व्याख्याच दिलीये, अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणजे किमान 2000 तासांचा डिप्लोमा किंवा डिग्री, दोन ते चार वर्षांत पसरलेली, आणि हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणजे किमान 3600 तासांची डिग्री, तीन ते सहा वर्षांची. एक वर्षाचा कोर्स यातल्या कुठल्या खणात बसतो सांग बरं? कुठल्याच नाही. आणि लायसन्स म्हणतात ते आपल्याकडे म्हणजे नोंदणी. ती राज्याची परिषद करते, तुझं नाव राज्याच्या रजिस्टरमध्ये आणि तिथून केंद्राच्या रजिस्टरमध्ये जातं. कुठलीही खाजगी इन्स्टिट्यूट लायसन्स देऊच शकत नाही, ती फक्त स्वतःच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट छापू शकते. त्यांना जाऊन फक्त एवढंच विचार, की डिग्री किंवा डिप्लोमावर कुठल्या विद्यापीठाचं किंवा सरकारी बोर्डाचं नाव येणार आणि यावर परिषदेत नोंदणी झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचा नंबर द्या. बोलणं लगेच दुसरीकडे वळेल बघ. आणि कुणी "घरबसल्या करा, डिस्टन्सनं" म्हणालं तर तेही नाही, या कायद्याखालचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायचे नाहीत असं यूजीसीनं 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठांना सांगितलंय. ते बरोबरच आहे, ट्यूब कशी धरायची हे मोबाईलवर बघून शिकता येत नाही.

अमेरिकेचं तर त्यांनी फारच सोपं करून सांगितलं तुला. तिकडं काय आहे ते ऐक. तिथं आधी सीओएआरसी नावाच्या संस्थेनं मान्यता दिलेल्या कॉलेजातून रेस्पिरेटरी केअरची किमान असोसिएट, म्हणजे साधारण दोन वर्षांची, डिग्री लागते, मग एनबीआरसी म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर रेस्पिरेटरी केअर परीक्षा घेतं. त्यात टीएमसी नावाची लेखी परीक्षा, तिला दोन रेषा, खालची रेषा पार केली तर सीआरटी हा पहिला दर्जा, वरची पार केली तर पुढची सिम्युलेशनची परीक्षा द्यायला मिळते, ज्यात एक एक पेशंट समोर मांडतात आणि पुढं काय करशील असं पायरीपायरीनं विचारत नेतात, तीही पास झाली की आरआरटी हा वरचा दर्जा. आणि एवढं झाल्यावर ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं लायसन्स वेगळं, अलास्का सोडून सगळ्या राज्यांत लागतं. म्हणजे सोलापुरातल्या एका वर्षाच्या कागदावर त्या परीक्षेला बसायचं पण दार उघडत नाही. इंग्लंडमध्ये तर अशी वेगळी पोस्टच नाही, तिथं हे काम फिजिओथेरपिस्ट, नर्स आणि फिजिऑलॉजिस्ट मिळून करतात. आखातात मात्र आपली मुलं आहेत, चांगली आहेत. तिथं तुझी डिग्री, नोंदणी, अनुभवाचं पत्र सगळं डेटाफ्लो नावाच्या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीतून मुळापर्यंत तपासतात, थेट कॉलेजला विचारतात, मग प्रोमेट्रिकची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग दुबई किंवा सौदीचं लायसन्स. तिथं कच्चा कागद पहिल्याच पायरीला पकडला जातो, आणि तोवर बाबांच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. अशी मुलं मी पाहिलीत म्हणून एवढं जीव तोडून सांगतीये.

मग करायचं काय? डिग्री. बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी, तीन वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप असा चार वर्षांचा हिशोब मनात धर. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आहे तुझं, तेच लागतं. कर्नाटकात मणिपालला हा कोर्स बऱ्याच वर्षांपासून आहे, केरळात कोचीच्या अमृताला आहे, आणि बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी नावानं आहे. आपल्या सोलापूरकरांना कर्नाटक परकं वाटायचं कारण नाही, विजापूर गुलबर्गा तर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ. महाराष्ट्रात आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकलचा डिग्री कोर्स आहे, तीन वर्षं आणि मग इंटर्नशिप, त्यात अॅनेस्थेशिया, ऑपरेशन थिएटर, कार्डिओलॉजी अशा शाखा असतात. अॅनेस्थेशिया टेक्निशियनला पण श्वासनलिका, व्हेंटिलेटर, गॅस सगळं शिकावं लागतं, काम जवळचं आहे, पण नोंदणी त्या नावानं होते, रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून नाही, एवढं आधीच डोक्यात ठेवून मगच तो फॉर्म भर. मला विचारशील तर तुझं मन श्वासातच असेल तर एक वर्ष थांबून योग्य कोर्सला जा, 19 वय म्हणजे काहीच उशीर नाही.

कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नकोस, आयसीयू बघ. मी मनापासून सांगतीये कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी जिथं शिकले (नाव नाही घेत) तिथं पहिली दोन वर्षं आमच्या वाट्याला एकच व्हेंटिलेटर होता आणि तोही बंद पडलेला, सर फळ्यावर खडूनं प्रेशरचे आलेख काढायचे, आम्ही वहीत उतरवायचो. आयसीयूची पोस्टिंग कागदावर आठ आठवडे, प्रत्यक्षात आम्हाला ओपीडीत केस पेपर लावायला बसवलेलं. पास झाले, नोकरी लागली, पहिल्याच रात्रपाळीत अलार्म वाजला आणि मला कळेना हा कुठला अलार्म, समोर पेशंट काळवंडत चाललेला. सिनियर सिस्टर धावत आली, तिनं मला बाजूला केलं, मशीनची नळी सोडवून अॅम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, लावली, म्हणून तो माणूस वाचला. त्या रात्री मी चेंजिंग रूममध्ये बसून खूप रडले. पुढचे सहा महिने ड्युटी संपल्यावर दोन दोन तास थांबून मी पुन्हा पहिल्यापासून शिकले, जे कॉलेजात फी भरून शिकायला पाहिजे होतं ते.

म्हणून तू आणि बाबा प्रत्यक्ष जा आणि विचारा, हॉस्पिटल कॉलेजचं स्वतःचं आहे का, आयसीयूत खाटा किती, लहान बाळांचा आयसीयू आहे का आणि तिथं पोस्टिंग मिळते का, एबीजीचं, म्हणजे धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचं, मशीन आहे का, पीएफटी म्हणजे फुप्फुसाच्या तपासणीची लॅब आहे का, शिकवणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट किती आहेत की दुसऱ्याच विषयाचे लोक तास घेतात, इंटर्नशिपला स्टायपेंड किती. ऑफिसातल्या माणसापेक्षा कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींशेजारी जाऊन बस, त्यांना विचार "आत्तापर्यंत स्वतःच्या हातानं किती एबीजी काढले?" उत्तर द्यायला त्या किती वेळ घेतात त्यावर तुला सगळं कळेल.

पैशाचं. आई विड्या वळते म्हणतेस, तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा, प्रोफेशनल डिग्रीला वर्षाला 25 हजारांपर्यंत मिळते. घरकुलातल्या किती मुली कार्ड कपाटात ठेवून ही शिष्यवृत्ती सोडून देतात, मला फार वाईट वाटतं. कार्ड नसेल तर आधी ते काढून घ्या. महाराष्ट्रात प्रवेश घेतलास तर राज्य सरकारचं महाडीबीटी पोर्टल बघ, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी माफ करायचा जीआर 2024 च्या जुलैत निघालाय, पण त्यासाठी प्रवेश सरकारच्या कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला लागतो आणि तुझा कोर्स आणि प्रवर्ग त्यात आहे का हे फॉर्म भरायच्या आधीच बघायचं. कर्ज काढायचंच झालं तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेचं शैक्षणिक कर्ज, कारखान्यातल्या मुकादमाकडून किंवा भिशीतून उचल नको. बाबांनी तयारी दाखवली हे खूप मोठं आहे गं, तो पैसा बरोबर ठिकाणी लागला पाहिजे.

आता मामा. मामांवर रागावू नकोस, त्यांनी कधी बघितलंच नसेल. त्यांना हे वाचून दाखव.

जानेवारीचे दिवस, गड्ड्याची यात्रा चालू होती, रात्री तीनची वेळ. एक पावरलूमवर काम करणारे काका व्हेंटिलेटरवर, न्यूमोनिया झालेला. हाय प्रेशरचा अलार्म वाजला आणि थांबेचना, ऑक्सिजन 94 वरून 85, 80. अशा वेळी मशीनकडं नाही, आधी पेशंटकडं बघायचं. छाती दोन्हीकडं सारखी हलतीये का? नळी सरकलीये का, तोंडाजवळ किती नंबरवर होती, 22 ला होती, तिथंच आहे. दाताखाली दाबलीये का? नाही. मी मशीन सोडवलं आणि अॅम्बू लावून दाबून बघितली, हाताला एकदम घट्ट लागली, हवा आत जाईचना. म्हणजे मशीन बरोबर होतं, अडलं होतं ते आत. दोन्हीकडं स्टेथोस्कोप लावला, हवेचा आवाज दोन्हीकडं कमी पण सारखाच, म्हणजे एका बाजूचं फुप्फुस फुटलेलं नसावं. डॉक्टरांना हाक मारतच कफ ओढून काढायची सक्शनची नळी घातली, अर्ध्यात अडकली. थोडं सलाईन, परत बॅग, परत सक्शन, एका वेळी दहा पंधरा सेकंदांच्या वर नाही कारण सक्शन करताना आपण त्याची हवाच ओढून घेत असतो. तिसऱ्या वेळेला डिंकासारखा चिकट, करंगळीच्या टोकाएवढा गोळा बाहेर आला. बॅग एकदम मऊ लागायला लागली. 84, 88, 93. हे सगळं चार मिनिटांत झालं असेल. काका अकरा दिवसांनी चालत घरी गेले. हे काम ज्याला येतं त्याला काय म्हणायचं ते मामांनी ठरवावं.

आणि आमच्या कामाची मुळं कुठं आहेत ते पण त्यांना सांग. 1952 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू बंद पडलेले पेशंट एवढे की श्वास देणारी लोखंडी मशीनं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि हातानं बॅग दाबून श्वास द्यायला लावलं. साधारण 1500 मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र, आठवडे नि आठवडे, हातानं श्वास दिला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. आपल्याकडंही ज्यानं रात्रभर नातेवाइकासाठी अॅम्बू दाबलीये त्याला विचार, बोटं कशी बधिर होतात आणि तरी थांबायची हिंमत होत नाही.

यात गणित पण आहे, बी.कॉम.पेक्षा कमी नाही. व्हेंटिलेटरवर एका श्वासाला किती हवा द्यायची ते माणसाच्या काट्यावरच्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, कारण जाड झाल्यानं फुप्फुस मोठं होत नाही. बाई 160 सेंटीमीटरची असेल तर हिशोबाचं वजन साधारण साडेबावन्न किलो, किलोला 6 मिली धरले तर एका श्वासाला 315 मिली. पूर्वी किलोला 12 द्यायचे. 2000 साली अमेरिकेत एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन त्यात पाणी भरणाऱ्या गंभीर आजाराच्या, 861 पेशंटवर दोन्ही करून बघितलं, 12 वाल्या गटात सुमारे 40 टक्के गेले, 6 वाल्यात 31. नुसता एक आकडा कमी केला आणि शंभरात नऊ माणसं जास्त वाचली. मी हा आकडा ज्या दिवशी शिकले त्या दिवसापासून टेप खिशात ठेवते, पेशंटची उंची अंदाजानं लिहिलेली मला चालत नाही.

तुझ्याकडं एक गोष्ट आहे जी मला मोठ्या कष्टानं मिळवावी लागली, ती म्हणजे तेलुगू. पीएफटी करताना पेशंटनं जोर लावून, आतली हवा संपेपर्यंत सलग फुंकायचं असतं, मधे सोडलं की टेस्ट वाया. विड्या वळणाऱ्या मावशी येतात, त्यांना मराठीत "फुंका फुंका" म्हटलं तर त्या दोन सेकंदांत थांबून माझ्या तोंडाकडं बघतात. मी "ऊदंडी, ऊदंडी, ऊदंडी, इंका इंका" म्हणायला शिकले तेव्हा त्याच मावशी सात सेकंद फुंकायला लागल्या. अक्कलकोटकडचा माणूस आला की कानडीत "ऊद्री, ऊद्री". तुझ्या आजीला तो दादा तेलुगूत बोलला म्हणून तिनं बायपॅपचा मास्क ओढून काढला नसेल, तो मास्क पहिल्यांदा लावला की माणूस गुदमरल्यासारखा घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःची भाषाच शांत करते. सोलापुरात हे शिक्षण कुठं विकत मिळत नाही, तुझ्या घरातच आहे.

खोटं चित्र मात्र मी रंगवणार नाही. सोलापुरातल्या बऱ्याच हॉस्पिटलांत अजून या नावाची पोस्ट नसते, आयसीयू टेक्निशियन म्हणून घेतात, पगार सुरुवातीला कमी, माझा पहिला पगार 11 हजार होता, रात्रपाळ्या भरपूर, आणि आमच्या तोंडासमोरच पेशंट खोकतो म्हणून मास्कची सवय अंगात मुरवावी लागते. दोन तीन वर्षं पुणे किंवा हैदराबादला मोठ्या आयसीयूत काढायची तयारी ठेव, तुला तेलुगू येतं म्हणजे हैदराबाद अजून सोपं. माणसं वाचत नाहीत तेही दिवस येतात, आणि घरी येऊन कुणाला सांगता येत नाही. कोरोनाच्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये आम्ही काय बघितलं ते मी अजून नीट बोलू शकत नाही. पण तेव्हापासून छोट्या हॉस्पिटलांना पण कळलंय की व्हेंटिलेटर नुसता विकत घेऊन चालत नाही, तो चालवणारा माणूस लागतो. आयसीयू सोडून पीएफटी लॅब आहे, झोपेच्या तपासणीच्या लॅब आहेत, घरी ऑक्सिजन आणि बायपॅप लावून देणाऱ्या कंपन्या आहेत, पुढं एमएस्सी करून शिकवता पण येतं.

या आठवड्यात एवढं कर. इन्स्टिट्यूटला फोन करून सांग की 30 तारखेला आम्ही भरत नाही, टोकन दिलं असेल तर पावती घेऊन परत मागा. आईचं विडी कार्ड शोध. आणि आजीच्या वेळचे ते दादा अजून तिथंच असतील तर सकाळी आठला पाळी बदलते, हँडओव्हर होऊन ते बाहेर येईपर्यंत साडेआठ होतात, तेव्हा बाबांना घेऊन जा, मामा येत असतील तर त्यांनाही. कुठं शिकले, किती वर्षं लागली, नोंदणी कुठं केली, आता पगार किती, सगळं स्पष्ट विचार, रात्रपाळी करून आलेला माणूस आहे म्हणून आधी चहा पाज. ते काय म्हणाले ते मला लिहून पाठव, आणि बरोबर आजीचे आठवडाभराचे ऑक्सिमीटरचे आकडे पाठव, सकाळ संध्याकाळ, मशीन 2 वर असताना घेतलेले.